मोजणारीचा हात

मार्थाबाई,

परवा तुमचं दफन झालं आणि ते मी ओट्यापाशी उभी राहून फोनवर बघितलं. फोन लिसीनं धरला होता. लिसी म्हणजे तिकडच्या, कॅनडातल्या वृद्धाश्रमातली केरळची नर्स. तुम्ही शेवटी शेवटी तिलाही माझ्याच नावानं हाक मारायचात, म्हणून ओळख करून देते. तिकडं बारीक पाऊस होता, चित्र सारखं हलत होतं. माणसं सहा होती. मी मोजली, सवय जात नाही. पेटी खाली गेल्यावर प्रत्येकानं एकेक फूल टाकलं आणि सगळे मागं सरकले. माती कुणी टाकली नाही. इथं तुम्ही प्रत्येक दफनाला पुढं होऊन दोन्ही हातांनी माती लोटायचात आणि मग पदराला हात पुसायचात. मला त्या लोकांना ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, माती टाका, त्यांना सवय आहे. तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि मी गॅस बंद करायला वळले.

तुम्हाला इथं मरायचं होतं. छावणीच्या दफनभूमीत, भिंतीलगत, तुमच्या सखूबाईंच्या शेजारी. सखूबाईंबरोबर तुम्ही लासूर स्टेशनला बायकांचा वर्ग सुरू केला होता, आणि त्या गेल्या तेव्हा पलीकडची जागा तुम्ही सगळ्यांदेखत चपलेनं आखून ठेवली होती. "ही माझी. इथं दुसऱ्या कुणाला टाकलं तर बघा." सत्तेचाळीस वर्षांत तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीकडं स्वतःसाठी तेवढंच मागितलंत, आणि तेवढंच आम्हाला देता आलं नाही. 'आम्हाला' लिहिलं. बघा, अजूनही मी गर्दीतच लपते आहे.

तुमच्या मिशनच्या तिकडच्या कचेरीतून ईमेल आला होता. त्यांच्या मासिकासाठी इंग्रजीतून दोनशे शब्द हवे होते, तुमच्या सेवेबद्दल. ते मी काल लिहून पाठवले. कॅनडातून कधी आलात, मराठी कुठं शिकलात, कोणकोणते वर्ग चालवलेत. एकही चूक नाही त्यात आणि तुम्हीही कुठं नाही. म्हणून हे दुसरं, मराठीतून, तुम्हालाच. हे कुणाला पाठवायचं नाही, त्यामुळं शब्द मोजायचे नाहीत.

मी एकोणीस वर्षांची होते, मिशनच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आले तेव्हा. पहिल्या दिवशी तुम्ही माझी बोटं बघितलीत आणि म्हणालात, "नखं काप. यंत्र लई जुनं हाय, अडकतं." मला हसू आवरेना. गोरी बाई, निळे डोळे, सुती सहावारी, आणि तोंडून अस्सल लासूरच्या बाजारातली भाषा. तुमच्याबरोबर आलेले बाकीचे मिशनरी लोक पंडित लावून मराठी शिकले; तुम्ही सखूबाईंच्या ओसरीवर शेंगा फोडत शिकलात. भाषेच्या परीक्षेत तुम्ही दोनदा नापास झालात, हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि अगदी अभिमानानं. परीक्षक पुण्याचे होते.

दर तीन महिन्यांनी तिकडं अहवाल जायचा. छापील फॉर्म, त्यात रकाने: बाप्तिस्मे किती, वर्ग किती, घरभेटी किती. त्या घरभेटींच्या रकान्याचा तुम्हाला भयंकर राग. एकदा तुम्ही लासूरला एका आजारी बाईच्या घरी नऊ दिवस राहिलात आणि फॉर्मवर लिहायला लावलंत, घरभेटी: एक. तिकडून पत्र आलं की संख्या इतकी कमी का. तुम्ही मला उत्तर सांगितलंत, मी टाइप केलं: 'भेट अजून चालू आहे.' मी म्हटलं, बाई, असं नका पाठवू, ते चिडतील. तुम्ही म्हणालात, "चिडू दे. चिडले की वाचत्यात तरी." त्या तिमाहीला तिकडून काहीच उत्तर आलं नाही, आणि पुढच्या फॉर्मवर तुम्ही मुकाट्यानं आकडा भरलात. तुम्ही बंडखोर होतात, पण बेशिस्त नव्हतात. नियम पाळून भांडायचं, हे तुमचं. ते मी तुमच्याकडूनच शिकले आणि त्याचंच पुढं काय केलं ते सांगायला हे लिहिते आहे.

आपल्या मंडळीत सगळं हात वर करून ठरतं. बाहेरच्यांना याची गंमत वाटते. आमच्यात वरून हुकूम देणारा बिशप नाही. उपासना चालवणारा पाळक नेमायचा असो की खिडक्यांना रंग द्यायचा असो, रविवारी उपासनेनंतर सभा भरते, ठराव मांडला जातो आणि हात मोजले जातात. प्राध्यापकाला एक हात आणि झाडूवालीलाही एकच. हे बायकांच्या मनावर ठसवायला तुम्ही किती वर्षं घालवलीत. लासूरच्या बायका नवऱ्याकडं बघून हात वर करायच्या, म्हणून तुम्ही त्यांना पुढच्या रांगेत बसवायला लागलात, नवरे मागं.

आणि मग तो बाप्तिस्म्याच्या हौदाचा वाद. आपल्याकडं मोठ्या माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या या शहरात हौद भरायचा म्हणजे टँकर मागवणं आलं. काही म्हणाले, हौद बुजवा, तलावावर जाऊ. हात मोजले गेले, त्या वेळच्या चिटणिसांनी स्वतःचा हात दोनदा मोजला, आणि अशी भांडणं झाली की दोन घरं वर्षभर एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. तेव्हा तुम्ही नियम करून घेतलात: जो मोजतो आणि लिहितो, त्यानं हात वर करायचा नाही. अध्यक्षाला जास्तीचं मत नाही. बरोबरी झाली तर ठराव पडला.

हौद राहिला. पुढच्या बाप्तिस्म्यानंतर बायका बादल्या घेऊन उभ्या, एवढं पाणी मोरीत कसं सोडायचं. पाळकसाहेब म्हणाले, हे योग्य दिसत नाही. तुम्ही पहिली बादली स्वतः भरलीत. "बाप्तिस्मा माणसाचा झाला, पाण्याचा नाय. पाणी ते पाणी." त्या दिवशी आख्ख्या कंपाउंडची धुणी झाली.

पुढं मीच चिटणीस झाले आणि तो नियम माझ्या गळ्यात पडला. अठ्ठावीस वर्षं मी आपल्या मंडळीत एकदाही हात वर केला नाही. यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, झाडूवालीला मत आहे आणि मला नाही, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणायचात, "तुला पेन दिलंय की." मी म्हणायचे, पेन घ्या आणि हात द्या. मग तुम्ही म्हणायचात, नियम बदलायचा तर ठराव आण. मी म्हणायचे, आणते. तुम्ही म्हणायचात, "आण. पण त्या सभेत मोजणार कोण? तूच. म्हंजे तुझं मत त्यात पण नाय." आणि खोकला येईपर्यंत हसायचात. ते भांडण अर्धवटच राहिलं. खरं तर मला ते जिंकायचंही नव्हतं, तुम्हाला हसवायला मी ते दरवर्षी नव्यानं काढायचे.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा तुम्ही अकरा दिवस माझ्याकडं राहिलात. माझे कपडे धुतलेत, मला न्हाऊ घातलंत, छाती बांधून दिलीत. एकदाही मोठ्यानं प्रार्थना केली नाहीत. येणारे-जाणारे देवाच्या इच्छेबद्दल बोलायला लागले की तुम्ही त्यांना चहा विचारायचात आणि चहा प्यायल्यावर दार दाखवायचात. बाराव्या दिवशी म्हणालात, "उद्यापासून कामाला ये. टायपिंग तुंबलंय." टायपिंग तुंबलेलं नव्हतं, ते तुम्ही स्वतः दोन बोटांनी करून ठेवलं होतं आणि मला परत करायला लावलंत. हे ऋण आहे, बाई. आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला वाटणार नाही की मी ते विसरले होते.

विसरायला आधी तुम्ही लागलात. सुरुवातीला आम्ही हसलो. लासूरला उतरायचं सोडून तुम्ही दौलताबादलाच उतरलात आणि दिवसभर पत्ता नाही. जीप घेऊन शिरसाटमामा शोधायला गेले. मिशनची जीप तीस वर्षं त्यांनीच चालवली, तुम्हाला शोधायचा त्यांना सराव होता. तुम्ही स्टेशनबाहेर सीताफळं विकणाऱ्या बायकांत मांडी घालून बसला होतात आणि डोळे उघडलेली फळं वेगळी काढून देत होतात. मामा म्हणाले, "बाई, चला की." तुम्ही म्हणालात, "थांब, अर्धी पाटी राहिलीय." ही गोष्ट मामांनी शंभर वेळा सांगितली असेल. मग एके दिवशी तुम्ही मला माझ्या आईच्या नावानं हाक मारलीत. मग सकाळी आंघोळ केली का ते आठवेना. मग गॅस चालू राहिला. तेव्हापासून मामांनी ती गोष्ट सांगणं बंद केलं.

तिकडून पत्र आलं. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं, ते वर्षावर्षानं मुदत वाढवत आले होते. आता डॉक्टरांचा कागद बघून त्यांनी लिहिलं: एकतर मार्थाबाईंना परत पाठवा, किंवा स्थानिक मंडळीनं रीतसर ठराव करून त्यांच्या देखभालीची पूर्ण जबाबदारी घ्यावी. मग आम्ही हमीपत्र देऊ, त्यावर राहण्याचा परवाना वाढेल. पत्र सभ्य होतं, काळजीचं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि राग काढायला एक ओळ सापडली नाही. तुम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा तुमचा दिवस चांगला होता, सगळं समजत होतं. तुम्ही म्हणालात, "मंडळी नाय म्हणायची नाय." तुमचा आमच्यावर केवढा भरवसा होता.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई गेल्या होत्या. सहा वर्षं अंथरुणावर. कूस बदलणं, जखमा पुसणं, चादरी, चमच्यानं भरवणं, आणि वरून त्यांच्या शिव्या. माझ्या हातांना डेटॉलचा वास राहायचा, पोळीलाही यायचा म्हणे. त्या गेल्यावर मी रडले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झोपले ती संध्याकाळी उठले. नवऱ्यानं, अशोकनं, उठवलं नाही. चहा करून ठेवला होता. म्हणाले, "आता जरा माणसासारखी जग." आम्ही पुण्याला मुलीकडं महिनाभर राहायला जायचं ठरवत होतो.

सभा झाली. तुमचाच नियम, ज्याचा विषय त्यानं आत बसायचं नाही, म्हणून तुम्ही बाहेर बाकावर. मी खिडकीतून बघत होते, तुम्ही चपला काढून पाय हलवत बसला होतात. आत पाळकसाहेबांनी पत्र वाचलं. कुणी म्हणालं, तिकडं चांगले दवाखाने आहेत, रक्ताची भाची आहे, इथं आपण प्रेमापोटी त्यांचे हाल करू. कुणी म्हणालं, दिवस कसे आहेत बघा, परदेशी माणूस ठेवायचं म्हणजे कागद, चौकशा, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार. ही माणसं वाईट नव्हती, बाई. त्यातल्या निम्म्यांचे बाप्तिस्मे तुमच्या देखत झालेले. शिरसाटमामा उठले. ते कधी सभेत बोलत नाहीत. "इतकी वर्षं बाईंनी आपलं केलं. आता म्हातारपणी काढून देता व्हय? आपुन सांभाळू की."

आपुन. हा शब्द ऐकला आणि काय झालं असेल? सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. कुणी मुद्दाम वळवल्या नाहीत. मिशनचं घर माझ्या घराला लागून, तुमची औषधं मला पाठ, तुमचे फॉर्म मी भरते, तुम्ही ऐकता ते फक्त माझं. मंडळी ठराव करणार, पुरुष हात वर करून घरी जेवायला जाणार, आणि चादरी बदलणार मी. मी मान खाली घालून वहीत तारीख लिहिली.

बाजूनं सतरा. विरुद्ध सतरा. मी दुसऱ्यांदा मोजले. सतरा, सतरा. पाळकसाहेबांनी त्यांचा हात आधीच तुमच्या बाजूनं वर केला होता. मग पाळकसाहेब म्हणाले, आणि हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही: "रजनीबाई, आजच्यापुरता तो नियम बाजूला ठेवू या. तुमचा हात बाकी आहे. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. विरुद्ध मत दिलेल्यांचीही नव्हती. मला वाटतं, त्यांना सुटकाच हवी होती.

अठ्ठावीस वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले, ते मला त्या दिवशी ताटात वाढून दिलं होतं. आणि मी म्हणाले, "नियम बाईंनी घातलेला आहे. त्यांच्याच विषयात तो मोडणं मला बरं वाटत नाही." आवाज अगदी स्वच्छ निघाला. बायका डोळे पुसायला लागल्या. ठराव नामंजूर, असं मी लिहिलं आणि सही केली.

तुम्हाला सांगायला मीच बाहेर आले. तुम्ही विचारलंत, "किती?" मी म्हटलं, सतरा-सतरा. तुम्ही क्षणभर बोटं मोजलीत. "म्हंजे पडला." मग माझ्याकडं बघितलंत. "तू लिहीत होतीस?" मी म्हटलं, हो. "बरं केलंस," तुम्ही म्हणालात. मग चपला पायात सरकवत, माझ्या दंडाचा आधार घेत उठलात आणि विचारलंत, "सासू कशी हाय गं तुझी? लई करावं लागतं का अजून?"

सासूबाईंच्या दफनाला तुम्ही होतात. दोन्ही हातांनी माती लोटली होतीत.

मला आजपर्यंत कळलेलं नाही, बाई, की तुम्ही तेव्हा विसरला होतात की तुम्हाला सगळं कळलं होतं. मी हे विचारायचं किती वेळा ठरवलं. नंतरच्या दोन महिन्यांत, तुमची कपाटं रिकामी करताना, सामानाची यादी करताना, विमानतळाच्या रस्त्यावर. टॅक्सीवाल्या सलीमभाईंच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. सलीमभाई आरशातून म्हणाले, "मॅडम, काय कू जा रये? इधरीच रहना था ना." तुम्ही माझ्याकडं बोट दाखवून म्हणालात, "हिला विचार." आणि हसलात. तेही मला कळलं नाही. चिकलठाण्याच्या विमानतळात आत जाताना तुम्ही विचारलंत, "परत कधी यायचं?" मी म्हटलं, बघू.

मग सकाळचे फोन सुरू झाले. आपल्याकडं दूध यायची वेळ, तिकडं संध्याकाळ. संध्याकाळ झाली की तुम्ही तिकडं अस्वस्थ व्हायचात आणि तुमचं इंग्रजी नाहीसं व्हायचं. जन्माची भाषा गेली आणि लासूरची राहिली. डॉक्टरांनाही नवल वाटलं म्हणे. लिसीला मोडकंतोडकं हिंदी येतं, मराठी नाही. तिनं भाचीकडून माझा नंबर मिळवला. पहिल्या दिवशी म्हणाली, दीदी, ये शाम से एकही बात बोल रही हैं, पानी पानी, ग्लास देती हूँ तो ढकल देती हैं. मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव. तुम्ही विचारलंत, "रजनी, पाणी आलं का?" मी म्हटलं, आलं बाई. "टाकी भरली?" भरली. "शेजारी सांगितलं?" सांगितलं. मग तुम्ही शांत झालात. लिसीला मी समजावून सांगितलं की आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. तिला वाटलं, मी तिची थट्टा करते.

वर्षभर, जवळजवळ रोज. गुडघा दुखतो, हा झगा नको, लुगडं कुठं आहे, ही माणसं कोण आहेत, ह्यांना जेवायला घातलं का. मी इथून लिसीला सांगायचे, ती तिथं करायची. उशी उंच कर. पाय चेप, डावा. चहात साखर घाल, डॉक्टर काय म्हणतात ते राहू दे. ज्या कामातून मी अंग काढून घेतलं, तेच काम मी दररोज सकाळी करत होते, फक्त माझे हात पोचत नव्हते. अशोक एकदा म्हणाले, "याच्यापेक्षा इथं ठेवलं असतं तर कमी त्रास झाला असता." सहज म्हणाले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि ते बिचारे विचारत राहिले की माझं काय चुकलं.

शेवटच्या आठवड्यात एकदा तुमचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. कचेरीतून हाक मारायचात तसा. "रजनी, ह्या लोकांना सांग, लासूरच्या गाडीत बसवून द्या मला. पुढचं माझं मी बघते." लिसीनं फोन घेतला, क्या बोल रही हैं, दीदी? आणि मी, जिनं तुमचं प्रत्येक वाक्य इतकी वर्षं जसंच्या तसं टाइप केलं, मी लिसीला म्हणाले, थक गई हैं, सुला दो. दुसरं काय सांगणार होते? ती पोरगी कुठली गाडी आणणार होती?

आज इथं तुमच्यासाठी उपासना झाली. लासूरहून बायका आल्या होत्या, आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्यात. गाणी झाली, पाळकसाहेब बोलले, मग शिरसाटमामा उठले. काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंचं मला लई दुख हाय. पन एक सांगतो. त्या दिवशी ह्या रजनीनं बाईंचा नियम मोडला नाय. तिचा हात मोकळा असता तर बाई आज आपल्या मातीत असत्या, हे तिला ठावं होतं. तरी मन मारून बसली. असं मानूस बाईंनीच घडवलं." सगळ्या मंडळीनं माना डोलावल्या. शेजारच्या बाईनं माझा हात हातात घेतला. मागून कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, मी रडते आहे. नंतर जेवणाच्या वेळी चौघीजणी येऊन सांगून गेल्या, तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका. पाळकसाहेब म्हणाले, तिकडच्या मासिकात हे लिहायला हवं होतं.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. मामांचं वय झालंय, त्यांना काय सांगायचं. अशोकला सांगता येणार नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं तेव्हा तुम्ही इथंच होतात आणि मी टाळलं, नंतर तुम्हाला भान नव्हतं, आणि आता हे सांगून कुणाचा काही उपयोग नाही. तरी लिहिते.

मी मन मारलं नव्हतं. मी दमले होते. पाळकसाहेबांनी माझं मत मागितलं, तेव्हा एका क्षणात माझ्यासमोर चादरी उभ्या राहिल्या आणि मी 'नाही' असं ठरवून मोकळी झाले होते. नियम नसता तर विरुद्ध अठरावा हात माझा असता, आणि तो सगळ्यांनी बघितला असता. तुमच्या नियमानं तुम्हाला इथून पाठवलं नाही. त्यानं फक्त मला झाकलं.

आणि मार्थाबाई, लिसीचे सगळे फोन, ती फुलं, तो पाऊस बघून झाल्यावर, आज परत तीच सभा भरली आणि परत सतरा-सतरा झाले, तर मी तुमच्या बाजूनं हात वर करेन का? दुपारपासून मी हेच स्वतःला विचारते आहे.

रजनी